फ्रीलान्सरनं बिल कसं करायचं, आणि शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी यातलं कधी काय लागतं

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा रात्री साडेदहाला फोन. ती डिझाइनचं काम करते, लेबलं, पॅकेजिंग, लग्नपत्रिका असं सगळं. एका मसाल्याच्या कंपनीचं काम देऊन वीस दिवस झालेले आणि त्यांच्या अकाउंट्सवाल्यांचा मेल आला की इन्व्हॉइस पाठवा, पॅन आणि जीएसटी नंबरसकट. "ताई, माझी कुठंय कंपनी? मी कसलं बिल देणार? आता पैसे अडकले ना?" अडकले वगैरे काही नव्हते, तासाभरात बिल गेलं आणि पुढच्या आठवड्यात पैसे आले. पण ती घाबरली ते मला कळतं, कारण मी नोकरी सोडून भाषांतराचं काम सुरू केलं तेव्हा मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. पहिली दोन वर्षं तर मी बिलच करत नव्हते, काम मेल करायचं आणि गुगल पेवर पैसे यायची वाट बघायची. मग एकदा घरासाठी कर्ज काढायला बँकेत गेले आणि उत्पन्नाचा पुरावा मागितला तेव्हा माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, खास करून महाराष्ट्रात राहून एकट्यानं काम करणाऱ्यांसाठी.

आधी हे की, "माझी कंपनी नाहीये" म्हणून काही अडत नाही

ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पैसे ठरवून कुणाचं काम केलंत त्या दिवशी तुम्ही प्रोप्रायटर झालात. त्यासाठी कुठं अर्ज नाही, फी नाही, सर्टिफिकेट नाही. तुमचं पॅन तेच धंद्याचं पॅन, तुमचं इन्कम टॅक्स रिटर्न तेच धंद्याचं रिटर्न. स्वतःच्या नावानं बिल द्यायला पॅन आणि बँक खातं एवढं पुरतं, आणि ते खातं साधं सेव्हिंग असलं तरी चालतं.

फक्त नावाचं एक लक्षात ठेवा. तुम्ही बिलावर "अमुक क्रिएशन्स" असं झोकात नाव टाकलंत आणि खातं मात्र तुमच्या नावाचं असेल तर समोरचा अकाउंटंट पेमेंट थांबवतो, कारण बिलावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही. धंद्याच्या नावानं करंट खातं काढायचं तर बँक त्या नावाचे सरकारी कागद मागते, बहुतेक ठिकाणी दोन, आणि तिथं मग उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नि शॉप ॲक्ट (दुकानं-ऑफिसांची नोंदणी) कामाला येतात. ते होईपर्यंत स्वतःच्या नावानं बिल द्या, त्यात कमीपणा काहीच नाही, वकील डॉक्टर आयुष्यभर स्वतःच्याच नावानं देतात की.

बिल वरून खाली

सगळ्यात वर काय लिहायचं? जीएसटी नंबर नसेल तर नुसतं "इन्व्हॉइस" किंवा "बिल". "टॅक्स इन्व्हॉइस" हा शब्द जीएसटीत नोंदणी असलेल्यांचा आहे, नेटवरून उचललेल्या टेम्प्लेटमधे तो हमखास असतो, तेवढा काढून टाका. खाली तुमचं पॅनवर आहे तसं नाव, पत्ता, फोन, मेल, पॅन नंबर.

मग बिल नंबर. इथं मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी प्रत्येक क्लायंटला १ पासून नंबर द्यायचे, म्हणजे एका वर्षात माझी चार बिलं "नं. १" नावाची, आणि वर्षाच्या शेवटी टीडीएस (क्लायंट बिलातून कापून सरकारकडे भरतो तो टॅक्स) जुळवायला बसले तर कुठली रक्कम कुठल्या बिलाची हे लावता लावता अख्खा रविवार गेला. सगळ्या क्लायंटना मिळून एकच रांग, १ एप्रिलला नवी सुरुवात, उदाहरणार्थ २६-२७/००१, ००२, ००३. जीएसटीचा नियम नंबर सोळा अक्षरांच्या आत ठेवायला सांगतो, नोंदणी नसली तरी आत्तापासून तीच सवय ठेवलेली बरी, पुढे बदलावं लागत नाही. बिल चुकलं तर तोच नंबर वापरून नवीन बिल पाठवू नका, जुनं रद्द म्हणून ठेवा आणि पुढच्या नंबरनं नवं करा, नाहीतर बऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधे दुसरं बिल डुप्लिकेट म्हणून उडतं आणि तुम्हाला कुणी कळवतही नाही.

तारीख म्हणजे बिल बनवलं ती तारीख. मार्चमधलं काम असेल तर बिलही मार्चमधेच द्या, ३१ मार्चनंतर मागच्या तारखेचं बिल द्यायला गेलं की समोरच्यांची वर्षाची खाती बंद झालेली असतात आणि तुमचं बिल मधल्यामधे लटकतं.

क्लायंटचं नाव विचारून घ्या, आणि खरंच विचारून घ्या. आपण ज्या नावानं ओळखतो तो ब्रँड असतो आणि कंपनीचं नाव भलतंच असतं, प्रायव्हेट लिमिटेड आहे का एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), पत्ता कुठल्या राज्यातला, त्यांचा जीएसटी नंबर काय, पीओ म्हणजे कामाची लेखी ऑर्डर निघालीय का आणि तिचा नंबर काय, हे सगळं काम सुरू करतानाच मेलवर मागायचं. काम संपल्यावर मागितलं तर उत्तराला आठवडा लागतो, सुरुवातीला मागितलं तर दहा मिनिटांत येतं, कारण तेव्हा गरज त्यांना असते.

मग कामाचं वर्णन. "भाषांतर - १०,५००" असं लिहू नका. "माहितीपत्रकाचं इंग्रजी ते मराठी भाषांतर, ४,२०० शब्द, दर शब्दाला २ रु. ५० पै., १२ जूनला मेलनं दिलं" असं लिहा. कारण तुमचं बिल पास करणारा माणूस आणि तुम्हाला काम देणारा माणूस वेगळे असतात, बिल पास करणाऱ्याला तुम्ही कोण हेसुद्धा माहीत नसतं, त्यानं बिल वाचून उठून कुणाला विचारायला जावं लागलं तर ते बिल त्या दिवशी बाजूलाच पडतं. डिझाइनवाल्यांनी किती पर्याय दिले, किती वेळा बदल करून दिले ते लिहावं. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी मिनिटं लिहावीत. ठरवलेल्यापेक्षा जास्त बदल झाले असतील तर ती वेगळी ओळ, वेगळी रक्कम, पण ते आधी मेलवर कबूल करून घेतलेलं पाहिजे.

एकूण रक्कम आकड्यात आणि अक्षरात. त्याच्याखाली पैसे कधीपर्यंत यायला हवेत ती तारीख, "लवकरात लवकर" असं नाही, तारीख. मग खात्यावरचं नाव, खाते नंबर, आयएफएससी, हवा तर यूपीआय. शेवटी सही. पीडीएफ करून पाठवा, वर्डची फाइल पाठवू नका, त्यात कुणीही काहीही बदलू शकतं.

काही संस्था आणि सरकारी ऑफिसं पैसे देताना पावती मागतात, ते बिल नव्हे, ती पैसे मिळाल्याची पावती असते, आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही करायची. दोन-चार स्टॅम्प घरात ठेवा.

अजून एक, ॲडव्हान्सचं. नवीन क्लायंट असेल तर मी निम्मे पैसे आधी घेते. त्यासाठी प्रोफॉर्मा द्यायचा, म्हणजे अंदाजपत्रक म्हणा, तो तुमच्या बिलांच्या रांगेत धरायचा नाही. नंतर मूळ बिलात पूर्ण रक्कम दाखवून "ॲडव्हान्स मिळाला" म्हणून वजा करायचा. जीएसटी असेल तर मात्र सेवेच्या ॲडव्हान्सवरही टॅक्स लागतो, ते ध्यानात असू द्या.

टीडीएस म्हणजे पैसे कापले नाहीत, तुमच्या नावावर भरले

बिल साठ हजारांचं आणि खात्यात चोपन्न आले की नवीन माणूस हादरतो. ते सहा हजार सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा व्हायला हवेत. प्रोफेशनल सेवेवर १० टक्के, हे ज्याला सगळे कलम १९४जे म्हणतात ते. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय त्यात कलमांचे, फॉर्मचे नंबर बदललेत, पण ऑफिसात तोंडी अजून जुनेच नंबर चालतात म्हणून मीही तेच लिहितेय. एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० च्या आत काम असेल तर हा कापायचा नसतो (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती), पण एकदा ओलांडली की सगळ्या रकमेवर कापतात, नुसत्या वरच्या भागावर नाही. टेक्निकल सेवेला २ टक्के, आणि काही कंपन्या तुमचं काम कॉन्ट्रॅक्ट धरून १९४सी खाली १ टक्का कापतात. कशाखाली कापणार ते आधीच विचारा. पॅन दिलं नाही तर २० टक्के जातात, म्हणून पॅन बिलावर छापलेलंच असू दे. आणि शेजारच्या काकांच्या दुकानाचा बोर्ड केलात तर ते काही टीडीएस कापणार नाहीत, छोट्या वैयक्तिक धंद्यांना साधारणपणे तो कापावा लागत नाही.

आता महत्त्वाचं. कापला म्हणजे भरला असं नसतं. इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन करून २६एएस आणि एआयएस बघायचं, तुमच्या पॅनवर काय काय जमा झालं ते त्यात दिसतं. कंपन्या टीडीएसचं रिटर्न तीन महिन्यांनी भरतात, एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत, म्हणजे तो तुम्हाला ऑगस्टमधे दिसायला लागतो. त्याआधी दिसला नाही म्हणून भांडू नका, पण ऑगस्ट संपला तरी दिसत नसेल तर लगेच मेल करा आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागा. माझं एकदा एका एजन्सीनं पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं, अकरा हजारांचा टीडीएस, मी बघितलाच नाही, रिटर्न भरताना कळलं आणि तो दुरुस्त होऊन यायला सात महिने लागले. तेव्हापासून दर तिमाहीला बघते.

वर्षाचा तुमचा टॅक्स कापलेल्या टीडीएसपेक्षा कमी निघाला तर उरलेले पैसे रिफंड म्हणून परत येतात, पण रिटर्न भरलं तरच. फ्रीलान्समधे पहिल्या दोन-तीन वर्षांत उत्पन्न बेताचं असतं आणि नेमकी तेव्हाच मुलं रिटर्न भरत नाहीत, त्यांचे हक्काचे पैसे तिथेच राहतात, याचं मला खूप वाईट वाटतं.

जीएसटी

याबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात, गोव्यातही, आर्थिक वर्षात एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. उलाढाल, नफा नाही. एका पॅनवरचं सगळं धरतात, परदेशी क्लायंटचे पैसे धरून, आणि कुठं घर भाड्यानं दिलं असेल तर ते भाडंही. वीस लाख ओलांडले की ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा.

"क्लायंट बंगळूरचा आहे म्हणजे जीएसटी घ्यावाच लागणार" हे मी निदान दहा जणांकडून ऐकलंय. वस्तू विकणाऱ्यांचं वेगळं, पण सेवा देणाऱ्यांना ऑक्टोबर २०१७ पासून यात सूट आहे, वीस लाखांच्या आत असाल तर दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटचं काम नोंदणीशिवाय करता येतं. तसं क्लायंटला सांगा, आणि हवं तर बिलाखाली एक ओळ टाका: "पुरवठादाराची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असल्यामुळे जीएसटी आकारलेला नाही." मामेबहिणीच्या बिलावर हीच ओळ टाकली, तिकडून काही विचारणा आली नाही.

नोंदणी नसताना बिलात १८ टक्के जीएसटी लावणं मात्र कायद्यानं चालत नाही. क्लायंट म्हणाला "लावून टाका, आम्ही देऊ" तरी नाही.

मग हौसेनं आधीच नंबर काढावा का? काही मोठ्या कंपन्या नंबर नसेल तर व्हेंडर म्हणून घेतच नाहीत, तुमचे तसे दोन-तीन क्लायंट पक्के असतील तर काढा. नुसतं "प्रोफेशनल दिसतं" म्हणून काढू नका. नंबर आला की रिटर्न आलं, एक रुपयाचं बिल झालं नाही तरी शून्याचं रिटर्न भरायचं, ते राहिलं तर दिवसाला २० रुपये, आणि काम झालेलं असताना राहिलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय उशिरा भरलेल्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. माझ्या एका मैत्रिणीनं कुणाच्या सांगण्यावरून नंबर काढला, मग बाळंतपणात आठ महिने काम बंद होतं आणि रिटर्न राहिली, सगळं निस्तरताना कमावलं नव्हतं तेवढं भरावं लागलं.

नोंदणी केलीत तर बिल बदलतं: वर "टॅक्स इन्व्हॉइस", तुमचा आणि क्लायंटचा जीएसटी नंबर, सेवेचा एसएसी कोड (कुठल्या प्रकारची सेवा ते सांगणारा नंबर), कुठल्या राज्यात पुरवठा ते राज्याचं नाव. क्लायंट महाराष्ट्रातला असेल तर केंद्राचा सीजीएसटी ९ टक्के आणि राज्याचा एसजीएसटी ९ टक्के, बाहेरचा असेल तर दोन्हींऐवजी एकच आयजीएसटी १८ टक्के. काम झाल्यापासून ३० दिवसांत बिल द्यायचं. टीडीएस जीएसटी सोडून मूळ रकमेवरच कापायचा असतो, त्यासाठी जीएसटी वेगळा दाखवलेला पाहिजे. म्हणजे काम ६०,०००, जीएसटी १०,८००, बिल ७०,८००, टीडीएस ६,०००, खात्यात ६४,८००. यातले १०,८०० तुमचे नाहीत. ते वेगळ्या खात्यात टाका, खरंच सांगते, नाहीतर रिटर्नच्या दिवशी ते खर्च झालेले असतात. छोट्यांना तिमाही रिटर्नची सोय आहे, ती घ्या, पण त्यातही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो.

बाहेरदेशाचा क्लायंट

डॉलरमधे बिल द्या, चालतं. पैसे आले की बँकेकडून किंवा ज्या प्लॅटफॉर्मवरून आले तिथून पैसे परदेशातून आल्याचा दाखला, एफआयआरए म्हणतात तो, दर वेळी उतरवून ठेवा, वर्षभरानं शोधायला गेलं की वैताग येतो. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले त्याचा कोड, विचारते, कामाला जुळणारा सांगा, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीला पी०८०२ आहे. घरून पाठवलेले पैसे असल्यासारखा कोड टाकू नका. अमेरिकन क्लायंट डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागेल, घाबरायचं काही नाही, तुम्ही अमेरिकन नाही आणि काम भारतात बसून करता एवढंच त्यात सांगायचं असतं.

जीएसटी नोंदणी असेल तर ही निर्यात, टॅक्स शून्य, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाला नव्यानं एलयूटी (लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र) भरायचं, ते ऑनलाइन होतं आणि फी नाही. बिलावर "एलयूटीखाली आयजीएसटी न भरता सेवानिर्यात" असं लिहायचं. एक फसगत इथं होते ती अशी की काम सांगणारा माणूस सिंगापूरला बसलेला असतो पण बिल त्यांच्या पुण्यातल्या कंपनीच्या नावानं मागतात आणि पैसे रुपयात येतात. ती निर्यात नाही, तिथं नेहमीसारखे १८ टक्के.

उद्यम, शॉप ॲक्ट, प्रोफेशन टॅक्स

यातलं उद्यम पहिलं काढा, मी तर म्हणते आजच काढा. जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होतं, आणि पूर्ण फुकट. सर्च केलं की सरकारी वाटणाऱ्या बऱ्याच साइट वर येतात आणि हजार-दोन हजार मागतात, पत्ता जीओव्ही डॉट इननं संपतो का ते बघूनच पुढं जा. आपण एकटे काम करणारे यात सूक्ष्म उद्योगात बसतो. फायदा काय, ते शेवटी वसुलीत सांगते.

शॉप ॲक्ट, ज्याला मुंबईत अजून गुमास्ता म्हणतात. पूर्वी लायसन असायचं. २०१७ चा नवीन कायदा आल्यावर हाताखाली माणसं नसलेल्या किंवा अगदी थोडी असलेल्यांनी फक्त ऑनलाइन माहिती कळवायची असते आणि त्याची पोच मिळते. बँकेला करंट खात्यासाठी तीच पोच चालते. घरून एकट्यानं काम करून स्वतःच्या नावानं सेव्हिंग खात्यात पैसे घेत असाल तर याची घाई नाही, धंद्याचं नाव घ्यायचं असेल तर काढून घ्या.

प्रोफेशन टॅक्स मात्र लोक विसरतातच. नोकरीत पगारातून कापला जायचा म्हणून आपलं लक्षच नव्हतं. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यानं स्वतः पीटीईसी नंबर काढायचा आणि वर्षाला २,५०० रुपये भरायचे, आधीपासून नंबर असेल तर ३० जूनपर्यंत. महाजीएसटीच्या साइटवर होतं. जीएसटीत नोंदणी केली की याची विचारणा हमखास येते आणि तेव्हा मागच्या वर्षांचं व्याजासकट निघतं, त्यापेक्षा वर्षाला अडीच हजार सुखाचे.

इन्कम टॅक्सचं थोडं

डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, इंटिरिअर, आयटी, टेक्निकल कन्सल्टन्सी, आणि सिनेमातली मंडळी (यात एडिटर, कॅमेरामन, गीतकार, संवादलेखक सगळे येतात) यांना ४४एडीएची सोय आहे: एकूण जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाचा हिशोब ठेवायची सक्ती नाही. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. यात "निदान" हा शब्द वाचा, प्रत्यक्षात जास्त उरत असेल तर जास्तच दाखवायचं असतं. यात ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायचा टॅक्स, तोही एकदाच, १५ मार्चपर्यंत. बाकीच्यांना तो जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च अशा चार १५ तारखांना, टीडीएस वजा जाता वर्षाचा टॅक्स दहा हजार किंवा वर असेल तर.

भाषांतर, कंटेंट, ग्राफिक डिझाइन ही नावं त्या यादीत नाहीत, म्हणून आपलं काम कशात बसतं हे एकदा सीएकडे बसून ठरवा, दरवर्षी वेगळं दाखवू नका. मी खर्चाची बिलं ठेवते, लॅपटॉप, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, शब्दकोश, आणि सरळ हिशोब करून भरते. नोकरी करून शिवाय बाहेरचं काम करणाऱ्यांनी आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरू नका, धंद्याचं उत्पन्न त्यात दाखवायला जागाच नाही.

एलएलपी, वन पर्सन कंपनी वगैरे सुरुवातीला नकोच. एलएलपीला दोन माणसं लागतात, कंपनीला ऑडिट लागतंच, दरवर्षीची फायलिंग, सीएची फी, आणि ४४एडीए एलएलपीला मिळत नाही. माणसं कामाला ठेवायची असतील, भागीदार असेल, किंवा मोठ्या करारात नुकसानीची जबाबदारी अंगावर येत असेल तेव्हा विचार करा.

पैसे येत नाहीत तेव्हा

उद्यम इथं कामाला येतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हा २००६ चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा (एमएसएमई) कायदा आहे. "आमची पॉलिसी ९० दिवसांची" हे त्यापुढं टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना अजून एक धाक आहे, मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलेली रक्कम त्यांना त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमधे अकाउंट्सवाले स्वतः फोन करून "तुम्ही एमएसएमई आहात का" विचारतात. नोंदणी काम सुरू करायच्या आधीची असू द्या, आणि उद्यम नंबर प्रत्येक बिलावर पॅनच्या खाली छापा.

माझं एक बिल, ३८,००० चं, साडेचार महिने पडून होतं. ज्या मॅडमनी काम दिलं त्या बिचाऱ्या "सांगते हं" म्हणत राहिल्या, मीही त्यांनाच मेसेज करत राहिले. शेवटी मेल सरळ अकाउंट्सला केला, मॅडमना सीसीमधे ठेवलं, आणि नऊ दिवसांत पैसे आले. नाही आले असते तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकायची, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते, तिथं आधी समेट घडवायचा प्रयत्न होतो आणि नाही जमलं तर लवादाकडे जातं. वेळ लागतो, पण तक्रार गेल्याचं कळलं की बरेच जण त्याआधीच देऊन टाकतात.

तो मेल मी जपून ठेवलाय, मामेबहिणीलाही दिला. नावं, आकडे बदलून वापरा:

"नमस्कार, माझं बिल क्र. ००७, रक्कम रु. ३८,०००, आपल्याकडे ४ जुलैला मेलनं पोचलं आहे, सोबत पुन्हा जोडलं आहे. काम २८ जूनला स्वीकारल्याचा आपला मेलही जोडला आहे. माझी उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून आहे, नंबर बिलावर आहे, त्यामुळे एमएसएमईडी कायद्यानुसार पैसे देण्याची मुदत संपली आहे. पैसे कोणत्या तारखेला जमा होतील ते कृपया येत्या शुक्रवारपर्यंत कळवावं. बिलात काही त्रुटी असेल तर तीही कळवावी, त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवते."